फुकटच्या जागेत फोटो, फाइल ठेवायच्या तर कुठे? सीमाभागातल्या कामांच्या अंगाने केलेली पारख

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात मोठ्या फाइल इकडून तिकडे करायची वेळ मुख्यतः चार कामांत येते. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीचे फोटो-व्हिडिओ. कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांत भरणाऱ्या साहित्य संमेलनांच्या स्मरणिका. डीटीपीवाल्याकडून छापखान्यात जाणाऱ्या कोरलच्या (पान मांडायच्या सॉफ्टवेअरच्या) फाइल. आणि शहापूर-वडगावच्या विणकरांच्या साड्यांचे नमुने. चारही ठिकाणी सल्ला एकच मिळतो, "ड्राइव्हवर टाक आणि लिंक पाठव." हा सल्ला पहिल्या कामातल्या फोटोंना चपखल बसतो (व्हिडिओंना नाही), मधल्या दोन कामांना जेमतेम पुरतो आणि साड्यांच्या कामाला अजिबात चालत नाही.

कोण किती जीबी फुकट देतो हे सगळे विचारतात. त्याआधी तीन गोष्टी विचारायला हव्यात. समोरच्या माणसाला लॉग-इन न करता फाइल उघडता येईल का? लिंक किती दिवस चालेल? आणि फाइल जशी दिली तशीच परत मिळेल, की दाबून लहान केलेली? या तिन्हींची उत्तरे प्रत्येक सेवेत वेगळी आहेत, आणि निवड त्यावरच ठरते.

आधी व्हॉट्सॲपचा हिशेब, कारण बाकीच्यांची गरज तिथूनच सुरू होते. साधा फोटो म्हणून पाठवलेला फोटो व्हॉट्सॲप लांब बाजूने साधारण १६०० पिक्सेलवर आणतो. मोबाइलवर तो स्वच्छ दिसतो. तोच १० बाय ८ फुटांच्या फ्लेक्सवर घेतला की १२० इंचांत १६०० पिक्सेल, म्हणजे इंचाला जेमतेम १३ पिक्सेल वाट्याला येतात. चेहरा चौकटी-चौकटींचा दिसतो आणि बोल मात्र छापणाऱ्याला लागतो. 'एचडी' निवडल्यावर थोडे सुधारते, पण मूळ फाइल तरीही जात नाही. मूळ फाइल हवी तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायची. २ जीबीपर्यंतची फाइल त्यातून जशीच्या तशी जाते. टेलिग्रामच्या फुकट खात्यातही एका फाइलला २ जीबीचीच मर्यादा आहे. एकाच माणसाला दहा-वीस फोटो द्यायचे असतील तर एवढ्यावर काम भागते. फक्त हे ध्यानात ठेवावे की डॉक्युमेंट म्हणून गेलेल्या फोटोत तो कुठे काढला याची जीपीएसची नोंदही तशीच जाते. घरी काढलेले फोटो अनोळखी गिऱ्हाईकाला पाठवताना कॅमेऱ्याचे लोकेशन बंद असलेले बरे.

गूगल ड्राइव्हकडे येऊ. फुकट जागा १५ जीबी, पण ती जीमेल, ड्राइव्ह आणि गूगल फोटोज या तिघांत मिळून. १ जून २०२१ पासून फोटोजमध्ये कमी दर्जात ठेवलेले फोटोही याच १५ जीबीतून कापले जातात. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची जेपीजी साधारण १० एमबीची धरली तर १५०० फोटोंत जागा संपते. मोबाइलवरचा ४के व्हिडिओ मिनिटाला सुमारे ३५० एमबी खातो, म्हणजे पाऊण तासाच्या आत १५ जीबी भरतात. रात्रभर चालणाऱ्या मिरवणुकीला ही जागा पुरायची नाही. व्हिडिओ यूट्यूबवर 'अनलिस्टेड' (लिंक असलेल्यालाच दिसतील असे) करून टाकावेत आणि ड्राइव्ह फोटोंसाठी राखावा, हेच सोयीचे.

जागा भरली की नुसते अपलोड थांबत नाही, त्या खात्यावरची मेलही येईनाशी होते. मंडळाचा पत्रव्यवहार ज्या जीमेलवर चालतो त्याच खात्यात मिरवणुकीचे फोटो भरले, तर वर्गणीच्या पावतीपासून परवानगीच्या पत्रापर्यंत सगळी मेल परत जाऊ लागते. म्हणून फोटोंसाठी वेगळे खाते काढावे. कचरापेटीतल्या फाइलही जागेत मोजल्या जातात आणि आपोआप जायला ३० दिवस घेतात. घाई असेल तर पेटी हाताने रिकामी करावी.

शेअर करताना चूक ठरलेल्या जागी होते. फोल्डरवर उजवे क्लिक, 'शेअर', खाली 'जनरल ॲक्सेस' दिसते तिथे मुळात 'रिस्ट्रिक्टेड' असते. ते बदलून 'एनीवन विथ द लिंक' करायचे आणि शेजारी 'व्ह्यूअर' ठेवायचे. हे न करता लिंक पाठवली की शंभर जणांचे 'ॲक्सेस पाहिजे' असे मेल येऊन पडतात. उलट 'एडिटर' दिले तर लिंक हाती आलेला कोणीही फाइलची नावे बदलू शकतो, फोटो फोल्डरबाहेर काढू शकतो. कार्यकर्त्यांकडून फोटो गोळा करायचे असतील तर तेवढ्यापुरते वेगळे फोल्डर 'एडिटर' करावे, आणि काम झाले की ते 'व्ह्यूअर'वर आणावे.

गोळा करण्याच्या फोल्डरात एक खाच आहे, ती बहुतेकांना माहीत नसते. फाइल ज्याने चढवली त्याच्या मालकीची राहते आणि त्याच्याच १५ जीबीतून मोजली जाते. फोल्डर मंडळाचे असले म्हणून आतले फोटो मंडळाचे होत नाहीत. त्या पोराने उद्या आपला ड्राइव्ह साफ केला की मंडळाच्या फोल्डरातले फोटोही गेले. त्यामुळे गोळा झालेले फोटो एकदा संगणकावर उतरवून मंडळाच्या खात्यातून परत चढवावेत. ड्राइव्हवरच 'मेक अ कॉपी' केले तरी चालते. नवी प्रत मंडळाच्या नावावर येते.

लिंक बऱ्याच ग्रुपांत फिरली की काही वेळा डाउनलोडची मर्यादा ओलांडल्याचा निरोप दिसतो. एकाच फाइलवर थोड्या वेळात फार लोक तुटून पडले की गूगल ती फाइल साधारण दिवसभरासाठी अडवते. फाइल गेलेली नसते. १०० एमबीवरची फाइल उतरवताना 'व्हायरस तपासता आला नाही' असेही येते. इतकी मोठी फाइल गूगल तपासतच नाही, म्हणून तो इशारा. आपलीच फाइल असेल तर बिनधास्त पुढे जावे. आणि मोठे फोल्डर उतरवताना ते सुमारे २ जीबीच्या वेगवेगळ्या झिपांत येते. एकच झिप उघडून "फोटो अर्धेच आलेत" म्हणणारे पुष्कळ भेटतात.

नुसते फोटो बघायला द्यायचे असतील तर ड्राइव्हपेक्षा गूगल फोटोजचा शेअर केलेला अल्बम सरस. लॉग-इन लागत नाही, मोबाइलवर सरसर सरकतो. 'स्टोरेज सेव्हर' ठेवले तर फोटो १६ मेगापिक्सेलपर्यंत आणि व्हिडिओ १०८० पिक्सेलपर्यंत खाली येतात. ए-फोर आकाराच्या छपाईला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) ९ मेगापिक्सेलही लागत नाहीत, तेव्हा स्मरणिकेच्या मुखपृष्ठालाही हा दर्जा पुरतो.

दोन वर्षे कोणी उघडलेच नाही असे खाते गूगल आतल्या सगळ्यासकट काढून टाकू शकते. संमेलनाचे खाते वर्षातून एकदा तरी उघडले जाते, पण बंद पडलेल्या मंडळांची खाती यात जातात. खात्याच्या सेटिंगमध्ये 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आहे. खाते तीन ते अठरा महिने शांत राहिले की ठरवलेल्या माणसांकडे माहिती जाईल, अशी सोय त्यात करता येते. खजिनदार आणि सचिव अशी दोन नावे तिथे घालून ठेवावीत.

ड्रॉपबॉक्स फुकटात २ जीबीच देतो आणि तीनच उपकरणे जोडू देतो. साठवायला तो निरुपयोगी. तरी एका कामात तो ड्राइव्हच्या पुढे आहे: 'फाइल रिक्वेस्ट'. आपण एक लिंक द्यायची, लेखकाने त्यावर आपला लेख आणि फोटो चढवायचा. त्याला ड्रॉपबॉक्सचे खाते लागत नाही आणि इतरांनी काय पाठवले ते दिसत नाही. गूगल फॉर्ममधून फाइल घ्यायची तर पाठवणाऱ्याला गूगलमध्ये लॉग-इन करावेच लागते, तिथे सत्तरीतले कवी अडतात. स्मरणिकेसाठी लेख मागवताना ही सोय मोलाची आहे. एकच करायचे, आलेल्या फाइल दर दोन-चार दिवसांनी उतरवून जागा मोकळी करायची.

वनड्राइव्हचे ५ जीबी बहुधा कोणी मागून घेत नाही, ते विंडोजबरोबरच येतात. नवा संगणक सुरू करताना भराभर 'नेक्स्ट' दाबत गेले की 'डेस्कटॉप' आणि 'डॉक्युमेंट्स' ही फोल्डरे वनड्राइव्हमध्ये जातात. डीटीपीच्या दुकानात सगळे काम डेस्कटॉपवरच असते, त्यामुळे ५ जीबी आठवड्यातच भरतात आणि लाल खुणा दिसू लागतात. त्याहून वाईट म्हणजे ढगाच्या चिन्हाची फाइल संगणकावर असतेच कुठे, ती सर्व्हरवर असते. नेट गेले की गिऱ्हाईक समोर बसलेले आणि फाइल उघडत नाही. वनड्राइव्हच्या सेटिंगमधल्या 'बॅकअप' भागात जाऊन ही फोल्डरे बाहेर काढावीत. ते करण्याआधी सगळ्या फाइल 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' करून खाली उतरवून घ्याव्यात.

नुसती फाइल पोचवायची आणि विसरायची, यासाठी वीट्रान्सफर सुटसुटीत होते. आता फुकटात महिन्याला एकूण ३ जीबी, दहा वेळा पाठवणे आणि तीन दिवसांत लिंक बंद, असे आहे. शनिवारी पाठवलेली फाइल मंगळवारी छापखान्यात शोधली तर गेलेली असते. शिवाय मे २०२० मध्ये दूरसंचार विभागाने ही साइट अडवण्याचा आदेश देशातल्या नेट कंपन्यांना दिला होता. म्हणून समोरच्याच्या कनेक्शनवर उघडते का, हे आधी फोन करून विचारावे.

मेगा २० जीबी फुकट देतो, आणि फाइल आपल्या संगणकावरच कुलूपबंद होऊन जाते. कंपनीलाही आत बघता येत नाही. त्याची किंमत अशी, की पासवर्ड विसरला आणि 'रिकव्हरी की' जपून ठेवली नसेल तर आतला मजकूर कायमचा गेला. लिंकच्या शेवटी जे लांबलचक अक्षरांचे शेपूट असते ती किल्ली असते. कॉपी करताना ते तुटले की समोरच्याला 'डिक्रिप्शन की' मागितली जाते. उतरवण्यावरही मर्यादा आहे आणि ती आयपी पत्त्याला (नेट जोडणीच्या क्रमांकाला) धरून असते, तेव्हा मोठी फाइल मध्येच थांबून काही तासांनी पुढे सरकते. बराच काळ न वापरलेली फुकट खाती बंद करण्याचा हक्क कंपनीने राखून ठेवला आहे. वर्षातून एकदा जागे होणाऱ्या संस्थेने त्यात साठा करू नये. मीडियाफायर १० जीबी देतो आणि लॉग-इनशिवाय फाइल उतरते, पण पानावर जाहिरातींची खोटी 'डाउनलोड' बटणे असतात. घरातल्या वडीलधाऱ्यांना ही लिंक पाठवू नये.

छापखान्याच्या फाइलबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण तिथे दोष होस्टिंगला लागतो आणि बिघाड फाइलीत असतो. आपल्याकडच्या निमंत्रणपत्रिकेत मराठी मजकूर श्रीलिपी या सॉफ्टवेअरात आणि कन्नड मजकूर नुडी या सॉफ्टवेअरात, असे एकाच पानावर असते. दोन्हींचे जुने फाँट युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखीच अक्षरे दाखवणाऱ्या पद्धतीचे, नसतात. फाइल ड्राइव्हवरून उतरवली, छापखान्यातल्या संगणकावर तो फाँट नाही, की 'सप्रेम नमस्कार'च्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा काला दिसतो. "ड्राइव्हने फाइल खराब केली" असे म्हटले जाते ते इथेच. ड्राइव्हने काही केलेले नसते. कोरलमध्ये आधी मूळ फाइल वेगळ्या नावाने जपून ठेवावी. मग 'एडिट'मधून 'सिलेक्ट ऑल' आणि त्यातले 'टेक्स्ट' निवडून कंट्रोल-क्यू दाबावे, म्हणजे अक्षरांचे आकार होतात आणि फाँटची गरज संपते. पॉवरक्लिपच्या (चौकटीत बसवलेल्या भागाच्या) आतला मजकूर यातून सुटू शकतो, तो उघडून पाहावा. छापखान्यात कोरलची जुनी आवृत्ती असेल तर 'सेव्ह ॲज' करताना खालची आवृत्ती निवडावी. नवी फाइल जुन्या कोरलमध्ये उघडत नाही. सोबत पीडीएफही ठेवावी, म्हणजे मूळ पान कसे दिसत होते यावर वाद होत नाही. अशी फाइल बहुधा ५० एमबीच्या आतच असते, ती व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून किंवा ड्राइव्हवरून, कशीही पाठवा.

आता साड्यांचे नमुने. विणकराला किंवा दुकानदाराला वेबपानात, ब्लॉगवर किंवा यादीत फोटो थेट दिसायला हवा. ड्राइव्हची लिंक ही फोटोची नसते, फोटो दाखवणाऱ्या पानाची असते. ती पानात घातली तर रिकामी चौकट येते. इथे लागते ती चित्रे ठेवणारी सेवा, जी 'डायरेक्ट लिंक' देते. इमेजबीबी ३२ एमबीपर्यंतचे चित्र घेतो, खात्याशिवायही चालतो, आणि आपोआप पुसायची मुदत ठेवायची की नाही ते विचारतो. पोस्टइमेजेसही तसाच. इमगुर जुना आणि प्रसिद्ध, पण मोठी जेपीजी तो दाबून लहान करतो. काठाच्या जरीची वीण त्यात पुसट होते. या कामासाठी इमेजबीबी बरा. कुठेही चढवण्याआधी फोटो स्वतःच १६०० पिक्सेल लांबीवर आणि ८० च्या दर्जाने जतन करावा, म्हणजे काटछाट आपल्या हातात राहते आणि पानही लवकर उघडते. फाइलला साडीचा क्रमांक नाव म्हणून द्यावा. खाते काढूनच चढवावे. पाहुणा म्हणून चढवलेला फोटो नंतर पुसायचा तर त्या वेळी मिळालेली वेगळी लिंक लागते, आणि ती कोणी जपत नाही.

अशा फुकट चित्रसेवांवर कायमचा भरवसा ठेवता येत नाही. फोटोबकेटने २०१७ मध्ये इतर पानांत फोटो दाखवायला वर्षाला जवळपास ४०० डॉलर मागितले आणि जगभरच्या पानांवरचे फोटो एका फटक्यात गेले. फ्लिकरने २०१३ मध्ये १ टीबी फुकट दिली आणि २०१९ मध्ये फुकट खाते हजार फोटोंवर आणले. इमगुरने मे २०२३ पासून, खात्याशी न जोडलेले आणि पडून राहिलेले जुने फोटो काढायला सुरुवात केली. झिपीशेअर तर मार्च २०२३ अखेर बंदच झाले. विक्रीच्या हंगामापुरते या सेवांवर ठेवावे, मूळ फोटो घरच्या हार्डडिस्कवर. स्वतःचा ब्लॉग असेल तर फोटो त्या ब्लॉगवरच चढवावेत, मध्ये तिसरा नको. आधार कार्ड, शेतीचा उतारा, गुणपत्रिका यांचे फोटो अशा सेवांवर चुकूनही टाकू नयेत. लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला ते दिसतात.

स्मरणिकांसाठी मात्र एक जागा खरोखर चांगली आहे, इंटरनेट आर्काइव्ह. १९९६ पासून चालणारी ही ना-नफा संस्था आहे, जागेची मर्यादा नाही, आणि पीडीएफ पानापानाने वाचता येते. गावोगावच्या संमेलनांच्या स्मरणिका दोनशे-पाचशे प्रतींत छापल्या जातात आणि काही वर्षांत कपाटातून नाहीशा होतात; त्यांच्यासाठी यापेक्षा योग्य फुकट जागा दिसत नाही. चढवताना दोन गोष्टी जपाव्यात. पानाचा पत्ता रोमन अक्षरे आणि आकड्यांतच चालतो आणि नंतर बदलता येत नाही. शीर्षक देवनागरीत दिले की आपोआप बनणारा पत्ता अर्थहीन होतो, म्हणून गाव, 'स्मरणिका' आणि वर्ष असे रोमन अक्षरांत आपणच लिहावे. दुसरे, भाषेच्या रकान्यात मराठी निवडावी. पानांवरची अक्षरे ओळखण्याचे काम त्यावरून होते आणि मग आतला शब्द शोधता येतो. जुन्या फाँटमधल्या पीडीएफला हे फारच उपयोगी, कारण तिच्या स्वतःच्या मजकुरात मराठी शोधून सापडत नाही. आधी सराव करायचा तर संग्रह म्हणून 'टेस्ट कलेक्शन' निवडावा, ते ३० दिवसांनी आपोआप जाते. एकदा चढवलेले सगळ्या जगाला दिसते, म्हणून लेखकांची संमती आधीच घ्यावी. लेख मागवतानाच्या पत्रात एक ओळ घातली की झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये या साइटवर हल्ला होऊन ती काही दिवस बंद होती आणि खातेदारांची माहिती फुटली. भारतातही २०१४ आणि २०१७ मध्ये ती काही काळ अडवली गेली होती. पासवर्ड वेगळा ठेवावा आणि दुसरी प्रत ड्राइव्हवर असू द्यावी.

हलशीची मंदिरे, बेळगावचा किल्ला, कमल बस्ती, राजहंसगड यांचे स्वतः काढलेले चांगले फोटो असतील तर ते विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या चित्रांच्या खुल्या साठ्यात, द्यावेत. मूळ दर्जात राहतात, जाहिराती नाहीत. अट एवढीच की कोणीही, धंद्यासाठीसुद्धा, ते वापरू शकेल असा परवाना द्यावा लागतो. मंडळाच्या हळदीकुंकवाचे फोटो तिथे चालत नाहीत.

देवनागरी नावांचा एक त्रास सगळ्याच सेवांत येतो. अँड्रॉइड आणि लिनक्सवर फाइलचे नाव २५५ बाइटांचे असू शकते आणि देवनागरीतले प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, अनुस्वार ३ बाइट घेतो. म्हणजे अवघी ८५ चिन्हे. विंडोजवर चाललेले लांबलचक नाव मोबाइलवर उतरवताना म्हणूनच अडते. जुन्या विंडोजमध्ये केलेल्या झिपात देवनागरी नावांचा काला होतो तो वेगळाच. नावे आटोपशीर ठेवावीत, आणि झिप करायची तर सेव्हन-झिप या फुकट सॉफ्टवेअरने करावी.

राहता राहिली रेंज. सेकंदाला ५ मेगाबिटचा अपलोड असेल तर १ जीबी चढायला सुमारे २७ मिनिटे लागतात. जांबोटी, कणकुंबीकडे पावसाळ्यात इतका वेळ करंट आणि रेंज एकत्र टिकेल याची खात्री नसते. ड्राइव्हचे ॲप तुटलेले अपलोड पुढे चालू करते. छोट्या साइटवर ब्राउझरची खिडकी मिटली की सगळे पहिल्यापासून. अशा ठिकाणी सेव्हन-झिपमध्ये 'स्प्लिट टू व्हॉल्यूम्स'च्या चौकटीत १०० एमबी लिहून फाइलचे तुकडे करावेत आणि एकेक चढवावा. समोरच्याने सगळे तुकडे एकाच फोल्डरात ठेवून नावाच्या शेवटी ००१ असलेल्या पहिल्या तुकड्यावर उजवे क्लिक करून सेव्हन-झिपने उघडले की फाइल जुळते; त्याला नावे बदलू नकोस असे आधीच सांगून ठेवावे, एका तुकड्याचे नाव बदलले तरी जुळणी अडते.